पाण्याच्या मीटरवर बाहेरून पल्स सेन्सर: काटा कुठे थांबतो ते आधी बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे: घराचा पाण्याचा मीटर साधा यांत्रिक आहे, त्याला पल्स आउटपुटची, म्हणजे ठरावीक पाण्यामागे एक विद्युत ठोका देणारी, वायर नाही. मीटर पाणीपुरवठा करणाऱ्यांच्या मालकीचा असल्यामुळे तो बदलता येत नाही आणि सील तोडायचं नाही. बाहेरून काहीतरी बसवून मायक्रोकंट्रोलरला लिटर मोजता येतील का? टीसीआरटी५००० (स्वतःच प्रकाश टाकून परत आलेला प्रकाश मोजणारा सेन्सर) चं मॉड्यूल काचेवर धरून पाहिलं, पण लाल काटा समोरून जातो तरी आउटपुट जवळजवळ हलत नाही. सेटिंग फार नाजूक केलं की हलतं, पण मग रात्री कोणी नळाला हात लावलेला नसताना सकाळी मोजणी तीस-चाळीस लिटरने वाढलेली दिसते.

येतात मोजता, आणि चांगले येतात. मी हे काम बऱ्याच मीटरांवर केलंय आणि तुमच्या दोन्ही तक्रारी मला आल्या आहेत. त्यांची कारणं मात्र एकमेकांपासून अगदी वेगळी. पहिली भानगड रंगाची आहे. दुसरी काटा नेमका कुठे थांबतो याची आहे, आणि सेन्सर कोणताही घेतलात तरी ती तुमची पाठ सोडणार नाही. लोक सेन्सर निवडण्यात आठवडा घालवतात आणि या दुसऱ्या गोष्टीकडे पाच मिनिटंही बघत नाहीत.

काही विकत घ्यायच्या आधी मीटरसमोर बसा आणि नळ बारीक धारेवर सोडा. तबकडीवरचे काळे आकडे पूर्ण घनमीटर दाखवतात. त्याखालचे अंश लाल आकड्यांनी किंवा छोट्या लाल काट्यांनी दाखवलेले असतात. प्रत्येक काट्याशेजारी ×०.१, ×०.०१, ×०.००१, ×०.०००१ असा गुणक छापलेला असतो. ×०.०००१ च्या काट्याचं एक घर म्हणजे ०.१ लिटर आणि दहा घरांचा पूर्ण फेरा म्हणजे बरोबर १ लिटर. ×०.००१ च्या काट्याचा फेरा १० लिटरचा. आपल्याला हवा तो ×०.०००१ चा, नसेल तर त्याच्या वरचा. याशिवाय मधोमध एखादं चांदणीच्या किंवा त्रिकोणाच्या आकाराचं चाक भिरभिरताना दिसेल. ते गळती पकडण्यासाठी असतं आणि सगळ्यांत वेगाने फिरतं, म्हणून नवख्या माणसाची नजर आधी तिथेच जाते. पण एका लिटरला ते किती फेरे घेतं हे तबकडीवर छापलेलं नसतं, फेऱ्यांची संख्या पूर्णांकात येईलच असंही नाही, आणि जोराच्या प्रवाहात ते इतकं पळतं की मोजणी सुटते. काटा मंद असतो, पण त्याचा हिशोब छापील असतो. मी काटाच घेतो.

त्याच बैठकीत आणखी एक बघून घ्या. एखाद्या काट्याच्या जागी चंदेरी अर्धवर्तुळाची चकती फिरतेय का? किंवा वरच्या प्लास्टिकच्या झाकणावर एखादी खाच, क्लिप अडकवायची जागा आहे का? असेल तर तो मीटर पल्ससाठी तयार केलेला आहे, फक्त वरचा सेन्सर बसवलेला नाही. अशा वेळी मीटरवरचा मॉडेल क्रमांक शोधा, त्याच निर्मात्याचं वरून बसणारं मॉड्यूल मिळतं का ते बघा, आणि मीटरच्या मालकाला विचारून तेच लावा. जुगाड करायची हौस मलाही आहे, पण खाच तयार असताना टेप-गोंद करत बसण्यात अर्थ नाही.

आता चुंबकाचा तपास. फोनमध्ये होकायंत्रासाठी मॅग्नेटोमीटर असतोच. त्याचे आकडे मायक्रोटेस्लामध्ये दाखवणारं कुठलंही अ‍ॅप घ्या, फोनचं चुंबकी कव्हर काढून ठेवा आणि फोन मीटरच्या वर, मग बाजूंना धरून बघा. पृथ्वीचं क्षेत्र जागेनुसार साधारण २५ ते ६५ मायक्रोटेस्ला असतं. नळ बंद असताना आकडा स्थिर राहील. धार सोडल्यावर तो लयीत वरखाली होऊ लागला तर आत फिरतं चुंबक आहे आणि ते बाहेरून जाणवतंय. ती लय एखाद्या काट्याच्या फेऱ्याशी जुळली तर चुंबक त्या काट्यावरच आहे, मग तुमचं काम रीड स्विचने, म्हणजे चुंबक जवळ आलं की लागणाऱ्या स्विचने, भागेल. लय त्याहून बरीच जलद असेल तर तुम्हाला पंख्याचं आणि तबकडीचं चुंबकी कपलिंग जाणवतंय. कोरड्या तबकडीच्या मीटरमध्ये पाण्यातला पंखा आणि वरची दातचाकं यांच्यामध्ये भिंत असते आणि गती चुंबकांच्या जोडीने वर जाते. काहीच हललं नाही तर एकतर ओली तबकडी आहे, म्हणजे दातचाकं पाण्यातच फिरतात, किंवा कपलिंगभोवती लोखंडी कडं बसवून चुंबकी क्षेत्र आतच अडवलेलं आहे. मग उरतो प्रकाश.

तुम्ही प्रकाशापासूनच सुरुवात केलीत, तर तिथे काय चुकलं ते बघू. टीसीआरटी५००० सुमारे ९५० नॅनोमीटरच्या अवरक्त प्रकाशावर चालतो. आपल्या डोळ्याला लाल काटा पांढऱ्या तबकडीवर ठसठशीत दिसतो, कारण लाल रंग हिरवा-निळा प्रकाश गिळतो आणि लाल परत पाठवतो. अवरक्त प्रकाश तर लालच्याही पलीकडचा, आणि बहुतेक लाल रंग तोही पांढऱ्याइतकाच परत पाठवतात. म्हणजे त्या सेन्सरच्या लेखी पांढऱ्यावर पांढरा काटा फिरतोय. पटत नसेल तर रात्री दिवे घालवा, फोनचा पुढचा कॅमेरा सुरू करा आणि टीव्हीच्या रिमोटचं बटण दाबून त्याचा झोत तबकडीवर टाका. बऱ्याच फोनांच्या पुढच्या कॅमेऱ्याला अवरक्त प्रकाश थोडा दिसतो. तबकडी उजळते, काळे आकडे दिसतात आणि लाल काटा असा विरघळून जातो की क्षणभर तो गळून पडला की काय असं वाटतं. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तीन संध्याकाळी वाया घालवून झाल्या होत्या.

शिवाय त्या सेन्सरचं सर्वांत चांगलं अंतर सुमारे २.५ मिलिमीटर. मीटरची काच आणि तिच्याखालची पोकळी मिळून काटा त्याच्या कितीतरी खाली असतो. जे काही परत येतं ते बहुतांशी काचेचंच.

उपाय सोपा: प्रकाश हिरवा वापरा. साधा ३ मिलिमीटरचा, ५२५ नॅनोमीटरच्या आसपासचा हिरवा एलईडी. त्यात लाल काटा जवळपास काळा दिसतो. निळाही चालतो. पण फक्त एलईडी बदलून भागणार नाही. टीसीआरटी५००० च्या फोटोट्रान्झिस्टरवर (परतलेला प्रकाश ओळखणाऱ्या भागावर) दृश्य प्रकाश अडवणारा गाळणीसारखा काळपट थर असतो, त्याला हिरवा दिसणारच नाही. पारदर्शक डोक्याचा फोटोट्रान्झिस्टर घ्या. सिलिकॉनची संवेदना हिरव्यात अवरक्तापेक्षा कमी असते, तरी पुरेशी असते. लोड रोध थोडा मोठा ठेवा, ४७ किलोओहमपासून सुरू करून बघा. टीसीएस३४७२५ हा रंगसेन्सरही चांगला आहे. त्यात अवरक्त अडवणारी गाळणी आतच असते आणि हिरव्याचा आकडा वेगळा मिळतो. एकच सेन्सर लावायचा असेल तर मी तोच सुचवेन. दोन लावायचे झाले तर अडचण येते: त्याचा आय-टू-सी (चिप जोडायची दोन तारांची बस) पत्ता ठरलेला असतो, एकाच बसवर दोन बसत नाहीत, आणि त्याचा बोर्डही त्या सेंटिमीटरभराच्या छोट्या वर्तुळावर दोनदा मावत नाही. दोनची गरज का पडते ते पुढे येतंच.

काचेची चकाकी टाळायला एलईडी आणि फोटोट्रान्झिस्टर दोन्ही एकमेकांकडे थोडे कलते ठेवा, म्हणजे काचेवरून सरळ परतणारा झोत फोटोट्रान्झिस्टरमध्ये जाणार नाही. दोघांवर काळी उष्णसंकोची नळी चढवा आणि ती टोकाच्या दोन-तीन मिलिमीटर पुढे येऊ द्या. बाहेरच्या उजेडाचा त्रास काढायला प्रत्येक वेळी दोन वाचनं घ्या, एक एलईडी बंद ठेवून आणि लगेच एक चालू करून, आणि वजाबाकी वापरा. एवढ्याने दिवस-रात्रीचा फरक निघून जातो.

वाचन किती वेळा घ्यायचं? घरगुती मीटरवर बहुधा क्यू३ २.५ असं काहीतरी छापलेलं असतं. तो ताशी घनमीटरमध्ये कायमचा प्रवाह, आणि आयएसओ ४०६४ प्रमाणे थोडा वेळ सोसायचा कमाल प्रवाह त्याच्या सव्वापट, म्हणजे ३.१२५ घनमीटर. सेकंदाला सुमारे ०.८७ लिटर. म्हणजे लिटरचा काटा सगळ्यांत जोरात असतानाही एका फेऱ्याला साधारण १.१५ सेकंद घेतो. काट्याची रुंदी फेऱ्याच्या २० अंशांइतकी धरली तर तो सेन्सरखाली सुमारे ६४ मिलिसेकंद असतो. दर १० मिलिसेकंदांनी वाचलंत तर प्रत्येक फेरीत सहा वाचनं मिळतात. पुरे झालं. इंटरप्टची (पिन बदलताक्षणी बाकी काम थांबवून मोजण्याची) गरज नाही, आणि खरं सांगायचं तर इथे इंटरप्ट नकोच, कारण तो काट्याची प्रत्येक थरथर इमानाने मोजत बसतो.

आता तुमचे रात्रीचे चाळीस लिटर. माझ्याकडे एका ठिकाणी हेच व्हायचं, आणि तेही रोज नाही, आठवड्यातून दोनदा-तीनदा. गळती समजून मी सगळे नळ तपासले. शेवटी एका रात्री टॉर्च घेऊन मीटरपाशीच बसलो. काटा सेन्सरच्या कडेवर थांबला होता, अर्धा खाली, अर्धा बाहेर. लांबवर कुठेतरी पंप सुरू झाला, नळीतला दाब हलला आणि काटा केसभर पुढे जाऊन परत आला. पुन्हा पुढे, पुन्हा मागे. प्रत्येक हेलकाव्याला मॉड्यूलवरचा दिवा लुकलुकत होता आणि माझी मोजणी लिटर-लिटरने वाढत होती. मीटरमधून पेलाभरही पाणी गेलं नव्हतं. ज्या रात्री काटा दुसरीकडे थांबायचा त्या रात्री सगळं ठीक.

यावर पहिला इलाज म्हणजे दोन पातळ्या. समजा पांढऱ्यावर तुमचा एडीसी (व्होल्टेजचा आकडा करणारा मायक्रोकंट्रोलरचा भाग) ६२० दाखवतो आणि काट्यावर ४१०. ५१५ ही एकच रेघ ओढलीत तर कडेवर थांबलेला काटा तिच्या दोन्ही बाजूंना नाचणार. त्याऐवजी ४७० च्या खाली गेल्यावरच ‘काटा आला’ म्हणा आणि ५६० च्या वर गेल्यावरच ‘काटा गेला’ म्हणा. मधल्या पट्ट्यात काहीही झालं तरी आधीचीच अवस्था धरा. मॉड्यूलवरच्या तुलनकाची डिजिटल पिन सोडून द्या आणि अ‍ॅनालॉग पिन वापरा, म्हणजे हे दोन्ही आकडे तुमच्या हातात राहतील. आकडे पक्के लिहिण्यापेक्षा गेल्या काही फेऱ्यांतलं सर्वांत मोठं आणि सर्वांत लहान वाचन लक्षात ठेवून त्यांच्या मधल्या अंतराच्या ३० आणि ७० टक्क्यांवर पातळ्या बसवा. काच धुळकट झाली, एलईडी मंदावला तरी ते आपोआप सावरतं.

बारीक थरथर एवढ्याने जाते. पण हेलकावा मोठा असेल, काटा सेन्सरखालून पूर्ण पुढे जाऊन पूर्ण मागे येत असेल, तर दोन पातळ्याही फसतात. नळीत हवा अडकलेली असेल किंवा एकतर्फी व्हॉल्व्ह नसेल तर असं होतं. एकच डोळा, म्हणजे एकच सेन्सर, असेल तर काटा पुढे गेला की मागे आला हे त्याला कळणारच नाही. म्हणून दुसरा डोळा, पहिल्याच्या बरोबर समोर, १८० अंशांवर. नियम एवढाच: ‘अ’ने काटा पाहिला की मोजणी सज्ज होते, आणि सज्ज असताना ‘ब’ने पाहिला की एक लिटर मोजायचा आणि सज्जता काढून टाकायची. काटा ‘अ’खाली रात्रभर नाचू दे, तो फक्त पुन्हा पुन्हा सज्ज करत राहील. ‘ब’खाली नाचला तर पहिल्यांदा मोजलं जाईल, पुढचं काही नाही. चुकीचा लिटर मोजायला काट्याला अर्धा फेरा मागे जाऊन परत यावं लागेल, आणि अर्धा लिटर उलटं पाणी घरगुती मीटरमधून सहसा जात नाही. उलटा प्रवाहही खरोखर मोजायचा असेल तर १२० अंशांवर तीन डोळे लावा: अ, ब, क असा क्रम आला तर बेरीज, अ, क, ब आला तर वजाबाकी. मला त्याची गरज क्वचित पडली आहे.

अर्धवर्तुळाची चकती असलेल्या मीटरवर हेच दोन डोळे ९० अंशांवर ठेवतात, कारण तिथे दोघांचे ‘चालू’ काळ एकमेकांवर चढतात आणि नेहमीची क्वाड्रेचर मोजणी (दोघांच्या बदलाच्या क्रमावरून दिशा ओळखणारी) करता येते. बारीक काट्याला ती लागू पडत नाही. दोघांच्या मधल्या जागेत दोन्ही डोळे रिकामेच असतात.

चुंबकाच्या मीटरवाल्यांसाठी थोडक्यात. काट्यावर चुंबक असेल तर रीड स्विच स्वस्त आणि वीज न खाणारा. काचेची नळी असते, पाय वाकवताना काचेजवळचा भाग पक्कडीत धरा नाहीतर तडा जातो आणि तो दिसतही नाही. नेमका मध्यावर बसवला तर चुंबकाच्या दोन्ही ध्रुवांना दाद देऊन तो एका फेऱ्यात दोनदा लागू शकतो. मोजणी बरोबर दुप्पट येत असेल तर स्विच बाजूला सरकवा किंवा आडवा फिरवा. संपर्काची थरथर साधारण मिलिसेकंदाच्या घरात असते. ईएसपी३२ या मायक्रोकंट्रोलरमधल्या पल्स मोजणाऱ्या हार्डवेअरची गाळणी जास्तीत जास्त १३ मायक्रोसेकंदांचीच असते, तेव्हा ‘फिल्टर लावलाय’ म्हणून निर्धास्त राहू नका. सॉफ्टवेअरमध्ये ५० मिलिसेकंद तरी धरा. आणि स्विचच्या दोन टोकांवर थेट १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर टाकायची सवय असेल तर मोडा. स्विच लागताक्षणी तो सगळा त्या इवल्या संपर्कांतून रिकामा होतो आणि काही महिन्यांनी संपर्क चिकटून बसतात. मध्ये २२०-४७० ओहमचा रोध टाका. कडेवर थांबण्याचा रोग रीडलाही आहे. लागण्याची आणि सुटण्याची जागा वेगळी असल्यामुळे तो प्रकाशापेक्षा सौम्य असतो, एवढंच.

कपलिंगचं चुंबक जाणवत असेल तर मॅग्नेटोमीटर चिप मीटरच्या बाजूला लावा, ज्या अक्षावर हेलकावा सर्वांत मोठा तो निवडा आणि वरच्यासारख्याच दोन पातळ्या चालत्या सरासरीभोवती ठेवा. एचएमसी५८८३एल या नावाने मिळणाऱ्या बोर्डांवर बऱ्याचदा क्यूएमसी५८८३एल असते. तिचा पत्ता आणि रजिस्टर दोन्ही वेगळी, त्यामुळे ‘सेन्सर सापडत नाही’ असं दिसलं तर आधी चिपवरची अक्षरं भिंगातून वाचा. क्यूएमसी सेकंदाला २०० वाचनं देते, तेवढी घ्याच. बारीक धारेला मोजणी बरोबर आणि नळ पूर्ण सोडल्यावर कमी येत असेल तर वाचनं फेऱ्यांना पुरी पडत नाहीयेत, दुसरं काही नाही. या पद्धतीचं मोठं सुख म्हणजे बारीकपणा: एका लिटरला अनेक फेरे मिळतात, मंद गळतीही लवकर दिसते. शेजारी मोटर किंवा ट्रान्सफॉर्मर असेल तर मात्र तो मध्ये लुडबुडतो.

चंदेरी चकती असेल आणि निर्मात्याचं मॉड्यूल मिळत नसेल तर धातू ओळखणारा प्रॉक्सिमिटी सेन्सर चालतो, ८ मिलिमीटर अंतराचा घ्या. ४ मिलिमीटरचा काचेतच संपतो. हे सेन्सर ६ ते ३६ व्होल्टवर चालतात आणि कित्येकांत आउटपुट आतूनच पुरवठ्याच्या व्होल्टला ओढलेलं असतं, म्हणून ३.३ व्होल्टच्या पिनला थेट जोडण्याआधी मल्टिमीटर लावून बघा. ईएसपी३२-कॅमने तबकडीचा फोटो काढून आकडे ओळखण्याचाही मार्ग आहे. त्यात पल्स नसते, पण थेट वाचन मिळतं. वीज आणि उजेड सतत लागतो. मीटर घरात असेल तर वाईट नाही.

आणि दोन गोष्टी करू नका. मीटरला बाहेरून निओडिमियम चुंबक चिकटवून काही मोजायला जाऊ नका. चुंबकी कपलिंगचा मीटर त्याने अडखळतो, आणि मीटरशी छेडछाड केली म्हणून गुन्हा तुमच्यावर येतो. दुसरं, वायएफ-एस२०१ सारखा छोटा पंख्याचा सेन्सर नळीत घालून ‘मीटर’ म्हणू नका. त्याचे लिटरला ४५० पल्स हा नाममात्र आकडा आहे, अचूकता ±१० टक्क्यांची, आणि मिनिटाला एक लिटरच्या खाली त्याचा भरवसा नाही. गळती तर नेमकी तिथेच असते. स्वतंत्र मोजणी हवीच असेल तर मुख्य मीटरनंतरच्या तुमच्या हद्दीतल्या नळीवर पल्स आउटपुट असलेला दुसरा मीटर बसवा. तो तुमच्या मालकीचा, त्याला काहीही करा.

बॅटरीवर चालवायचं असेल तर हिशोब करून बघा. एलईडीला १० मिलिअँपिअर, प्रत्येक वेळी १०० मायक्रोसेकंद, सेकंदाला २० वेळा: सरासरी २० मायक्रोअँपिअर. परवडतं. २० वेळा म्हणजे ६४ मिलिसेकंदांत एकच वाचन, काठावरचं, पण सतत एवढा जोराचा प्रवाह घरात नसतो. नाहीतर काटा हललेला दिसला की वाचनं वाढवायची आणि दोन मिनिटं शांत गेली की पुन्हा कमी. रीडच्या बाबतीत खर्च पुल-अपमध्ये (पिनला पुरवठ्याकडे ओढून धरणाऱ्या रोधात) लपलेला असतो: १० किलोओहम आणि ३.३ व्होल्ट म्हणजे स्विच लागून राहिला तर ३३० मायक्रोअँपिअर, आणि काटा नेमका तिथेच थांबून तुम्ही गावाला गेलात तर बॅटरी उगाच रिकामी होत राहते. १ मेगाओहम घातला की ३.३ मायक्रोअँपिअर. पण मग वायर लांब ठेवू नका, वीतभरच ठेवा. एवढ्या मोठ्या रोधावर लांब वायर अँटेना बनते.

मोजलेली बेरीज वीज गेल्यावर पुसली जाऊ नये म्हणून लोक ती प्रत्येक लिटरला ईईप्रॉममध्ये, म्हणजे वीज गेली तरी टिकणाऱ्या स्मृतीत, लिहितात. आर्डुइनोच्या एटीमेगा३२८पी ची ईईप्रॉम एका जागेवर १,००,००० लेखनांची हमी देते. दिवसाला ५०० लिटर वापर असेल तर ती २०० दिवसांत संपते. दर ५० लिटरला लिहा, किंवा जागा फिरवत लिहा, किंवा एफरॅमची (लेखनांनी लवकर न झिजणाऱ्या स्मृतीची) छोटी चिप लावून हा विषयच संपवा. सर्व्हरला पाठवताना ‘एक लिटर झाला’ असं पाठवू नका, एकूण बेरीज पाठवा. मधले दोन संदेश हरवले तरी तिसऱ्यात हिशोब पुरा होतो.

बसवण्याबद्दल. पितळेच्या थंड अंगावर हॉट ग्लू टिकत नाही, एका दमट रात्रीत सुटून येतो. मीटरच्या गळ्याभोवती बसणारं कडं किंवा केबल टाय वापरा. सेन्सर मिलिमीटरभर सरकला तरी काटा त्याच्या नजरेबाहेर जातो. त्रिमितीय छपाईचा खोका बनवलात तर लक्षात ठेवा, काळं प्लास्टिक अवरक्ताला काळं असतंच असं नाही. हिरव्यावर काम करत असलात तरी फोटोट्रान्झिस्टरला अवरक्त अधिकच दिसतो, आणि ऊन त्या खोक्यातून आरपार येतं. आतून अ‍ॅल्युमिनियमची पन्नी लावा. आकडे वाचायला येणाऱ्या माणसाला तबकडी दिसली पाहिजे आणि दोन बोटांनी सगळं उचलून बाजूला करता आलं पाहिजे, नाहीतर तो ते ओढून काढेल, आणि त्यात त्याची चूक नाही. खड्ड्यातला मीटर असेल तर सर्किट वर आणा, खाली फक्त सेन्सर ठेवा, त्याचे सांधे इपॉक्सीत बुडवा. लोखंडी झाकणाखालून वायफाय बाहेर येत नाही. काचेच्या आतून दव धरत असेल तर प्रकाशाचे आकडे दिवसभर हलतात. तिथे हलत्या पातळ्या नसतील तर मोजणी बंदच पडते.

जुळवणी बादलीने करू नका. मीटरची स्वतःची अनुमत चूकच नेहमीच्या प्रवाहात ±२ टक्के आणि तळाच्या पट्ट्यात ±५ टक्के असते. बादलीशी जुळवलंत तर मीटरची आणि बादलीची चूक तुम्ही तुमच्या सेन्सरच्या माथी माराल. जुळवायचं ते तबकडीशी. आकडे लिहून ठेवा, बारीक धारेने २० लिटर, मग नळ पूर्ण सोडून १०० लिटर जाऊ द्या, आणि पुन्हा लिहा. फरक एका लिटरच्या आत हवा, दोन्ही वेळा. मग महिनाभर दर आठवड्याला तबकडीचा फोटो काढा आणि बेरजेशी ताडा. बेरीज तबकडीच्या पुढे पळत असेल तर काटा कुठेतरी कडेवर नाचतोय. मागे पडत असेल आणि तेही सकाळच्या गर्दीच्या वेळीच, तर वाचनं अपुरी आहेत. एकदम मोठी उडी किंवा खंड दिसला तर सेन्सर हलला किंवा वीज गेली होती.

तुमच्या बाबतीत मी आज एवढंच करेन: हिरवा एलईडी आणि पारदर्शक फोटोट्रान्झिस्टर टेपने काचेवर धरून अ‍ॅनालॉगचे कच्चे आकडे दर १० मिलिसेकंदांनी एक संध्याकाळ आणि एक रात्र लॅपटॉपवर नोंदवायचे. मोजणी अजून लिहायचीच नाही. सकाळी आलेख काढला की काट्याच्या खळग्या दिसतील, त्यांची खोली दिसेल आणि रात्री तो कुठे थांबून किती थरथरतो हेही. पातळ्या त्या आलेखावरून ठरवा. खळगी थरथरीच्या तिप्पट तरी खोल नसेल तर दुसरा डोळा लावायला घ्या.